चांद्याच्या खडकावर बर्फाच्या रेघा



हे भाषण रेकॉर्ड करायला बसले तेव्हा मे महिना होता. आवाज येतो म्हणून खोलीतला पंखा बंद केलेला, आणि बाहेर पारा ४६ च्या पुढे. रेकॉर्डिंग करणाऱ्या मुलीने विचारलं, "ताई, आजचा विषय काय?" मी म्हटलं, "बर्फ." ती इतकी हसली की पहिली दोन मिनिटं पुन्हा घ्यावी लागली.

तिचं हसणं बरोबरच होतं. चंद्रपूर, वणी, राजुरा, बल्लारपूर हा आपला पट्टा म्हणजे देशातल्या सगळ्यात तापणाऱ्या भागांपैकी एक. इथे बर्फ म्हणजे लग्नातल्या सरबताचा, नाहीतर रसवंतीवरचा. पोरांच्या भूगोलाच्या पुस्तकात जगात बर्फ कुठे आहे याची यादी असते: अंटार्क्टिका, ग्रीनलँड, हिमालय, आल्प्स, अँडीज. पोरं ती पाठ करतात आणि विसरतात. मला आज सांगायचंय ते हे, की ही यादी कायमची नाही. एके काळी या यादीत आपलं चांदा होतं. मी गोष्ट म्हणून सांगत नाही. खडकावर पुरावा आहे.

१८७२ साली सरकारी भूशास्त्र खात्याचे फ्रान्सिस फेडन नावाचे साहेब आपल्या भागात खडक तपासत फिरत होते. चांद्याच्या नैर्ऋत्येला दहा मैलांवर, इरई गावाजवळ, पैनगंगेच्या पात्रात त्यांना जुनी चुनखडी उघडी पडलेली दिसली. आज सिमेंटसाठी जी खणतात, त्याच जातीची. तिच्यावर मातीत रुतलेल्या धोंड्यांचा एक थर होता. तो थर जिथे जिथे निघून गेला होता, तिथे तिथे खालची चुनखडी गुळगुळीत घासलेली होती आणि तिच्यावर लांबच लांब, एकाच दिशेने जाणाऱ्या रेघा होत्या. वरच्या धोंड्यांच्या अंगावरही तसेच ओरखडे.

कुणी म्हणेल, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या असतील, नाहीतर पाथरवटाने टाकी लावली असेल. पण या रेघा वरच्या थराच्या खाली शिरतात. म्हणजे थर बसायच्या आधी रेघा पडल्या. आणि थर माणूस जन्मायच्या कोट्यवधी वर्षं आधीचा.

मग टाकी कोणी लावली? आपण पितळी भांडं राखेने घासतो ना, तसं समजा. राख मऊ असते, ती भांड्याला काही करत नाही. पण राखेत वाळूचा एक खडा आला की सर्रकन रेघ उठते, आणि हात ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने उठते. बर्फाचंही तसंच. बर्फ स्वतः खडकापेक्षा मऊ. पण शेकडो फूट जाडीचा बर्फ जेव्हा जमिनीवरून सरकतो, तेव्हा त्याच्या पोटाला चिकटलेले दगड खालच्या खडकाला घासत जातात. बर्फ हा हात, आणि दगड हे राखेतले खडे.

आता बर्फ सरकतो हे तरी कोणाला कळलं? इथे मला तुम्हाला थोडं दूर न्यावं लागेल, स्वित्झर्लंडच्या डोंगरात. कारण तिथल्या शहाण्यासुरत्या प्रोफेसरांनी मनावर घेण्याआधी ही विद्या एका गावकऱ्याला सुचली होती.

त्याचं नाव जाँ-पिएर पेरोदँ. बान्य नावाच्या दरीत राहायचा, रानबोकडांची शिकार करायचा. त्या दरीच्या वरच्या टोकाला हिमनद्या होत्या. त्याने काय पाहिलं, की हिमनदीच्या काठावर जसे मोठमोठे धोंडे पडलेले असतात आणि खडकावर जसे ओरखडे असतात, तसेच धोंडे आणि तसेच ओरखडे खाली, बर्फापासून खूप दूरसुद्धा आहेत. त्याने सरळ हिशेब मांडला: एके काळी ही सगळी दरी बर्फाने भरलेली होती. १८१५ साली मिठाच्या खाणीचा प्रमुख शार्पांतिए त्याच्या घरी मुक्कामाला होता, त्याला त्याने हे सांगितलं. शार्पांतिए विद्वान माणूस. त्याला वाटलं, काय हे वेड्यासारखं बोलतोय! लक्ष द्यायच्याही लायकीचं नाही म्हणून त्याने सोडून दिलं.

तीन वर्षांनी त्याच दरीत मोठा अनर्थ झाला. वरच्या हिमनदीचे तुकडे कोसळून नदी अडली आणि बर्फाच्या बांधामागे भलं मोठं तळं साठलं. व्हेनेत्झ नावाच्या इंजिनियरने बर्फातून बोगदा खणून पाणी हळूहळू सोडायचा प्रयत्न केला, बरंचसं सोडलंही. पण १६ जून १८१८ ला बांध फुटला. चाळीसच्या आसपास माणसं गेली. हा व्हेनेत्झ पेरोदँचं म्हणणं मनावर घेणारा पहिला शिकलेला माणूस. पुढे त्याने शार्पांतिएला पटवलं, शार्पांतिएने लुई आगासी नावाच्या तरुण प्रोफेसरला पटवलं, आणि आगासीने १८४० मध्ये पुस्तक लिहून जगाला सांगितलं की पृथ्वीवर हिमयुग होऊन गेलं. नाव आगासीचं झालं. शिकाऱ्याचं नाव पुस्तकांच्या तळटिपेत राहिलं. हे कसं होतं ते तुम्हा-आम्हाला वेगळं सांगायला नको.

आता परत आपल्या देशात येऊ. भारतात भूशास्त्र खातं १८५१ मध्ये उभं राहिलं ते मुख्यतः कोळशासाठी. आगगाडी यायची होती, आगबोटी चालत होत्या, सरकारला कोळसा हवा होता. १८५५ मध्ये विल्यम आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे दोघे सख्खे भाऊ खात्यात लागले, आणि त्यांना ओडिशातल्या तालचेरला पाठवलं. तिथे कोळशाच्या थरांच्या खाली त्यांना एक विचित्र थर दिसला. बारीक, पिठासारख्या मातीत तीन-तीन, चार-चार फुटांचे धोंडे रुतलेले.

यात विचित्र काय? आपण सुपात धान्य पाखडतो तेव्हा खडे एकीकडे, दाणे एकीकडे, कोंडा उडून तिसरीकडे जातो. नदीही तशीच पाखडते. जोराच्या पाण्यात मोठे गोटे थांबतात, पुढे वाळू, आणि अगदी संथ पाण्यात गाळ. जे पाणी चार फुटांचा धोंडा ढकलेल ते पीठ मागे ठेवणार नाही, धुऊन नेईल. मग धोंडा आणि पीठ एकाच जागी कसं? बर्फ पाखडत नाही. जे सापडेल ते उचलतो आणि वितळला की सगळं एकदम टाकून देतो. १८५६ साली ब्लॅनफर्ड बंधूंनी लिहिलं की हे बर्फाचंच काम दिसतं. मोठी हिमनदी होती असं म्हणायला मात्र ते कचरले, कारण ओडिशाच्या उन्हात उभं राहून तसं म्हणायला छाती लागते. बरेच जण साशंक राहिले. म्हणून फेडनच्या चांद्याच्या रेघांना महत्त्व. धोंडे इकडचे तिकडे जाऊ शकतात, पण खालच्या खडकावरची रेघ जागा सोडत नाही.

त्या थराला तालचेरच्या नावावरून तालचिर म्हणतात. त्याचं वय सुमारे ३० कोटी वर्षं. त्यातच हिरवट मातीचा एक खडक असतो, तो फुटला की सुयांसारख्या काड्या पडतात. दगडावर दगड घासून जे पीठ पडलं, तोच हा गाळ.

पण कोडं सुटलं नव्हतं, उलट वाढलं. असेच ओरखडे आणि असेच थर दक्षिण आफ्रिकेत सापडले, ऑस्ट्रेलियात सापडले, ब्राझीलमध्ये सापडले. सगळे साधारण एकाच काळातले. म्हणजे तेव्हा अर्धी पृथ्वी गोठली होती की काय? तसंही म्हणता येईना, कारण त्याच सुमाराला युरोप-अमेरिकेत दलदलीत उष्ण हवेतली घनदाट जंगलं माजली होती.

१९१२ मध्ये आल्फ्रेड वेगेनर या जर्मन माणसाने म्हटलं, बर्फ सगळीकडे पसरला नव्हता, जमिनी सरकल्या आहेत. भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका हे सगळे तेव्हा एकमेकांना चिकटून पार दक्षिणेला, ध्रुवाच्या बाजूला होते. मग फुटले आणि आपापल्या वाटेने निघाले. आपण उत्तरेला आलो, अंटार्क्टिका तिथेच राहिली. लोक त्यालाही हसले. १९६० च्या दशकात समुद्राच्या तळाचा अभ्यास झाल्यावर हसणं थांबलं.

त्या जुन्या अखंड जमिनीला सगळं जग काय म्हणतं, माहीत आहे? गोंडवाना. १८७० च्या दशकात आपल्या मध्य भारतातल्या कोळशाच्या थरांना भूशास्त्रज्ञांनी गोंडांच्या प्रदेशावरून ते नाव दिलं आणि पुढे ते पाचही खंडांना चिकटलं. ऑस्ट्रेलियातलं पोर शाळेत गोंडवाना शिकतं. चांदा ही गोंड राजांची राजधानी, पण आपल्या पोरांना हे कोणी सांगत नाही.

आणखी एक साक्षीदार आहे, पान. बर्फ वितळल्यावर इथे थंड दलदल झाली आणि तिच्यात ग्लॉसोप्टेरिस नावाची झाडं वाढली. जिभेसारखं लांबट पान, मधोमध ठसठशीत शीर. ती झाडं कुजून, दबून आपला कोळसा झाला. कोळशाबरोबर निघणाऱ्या पाटीसारख्या दगडावर या पानांचे ठसे मिळतात. कोणाच्या घरी खाणीतला माणूस असेल तर विचारा, त्याने पाहिले असतील.

आता ऐका. इंग्रज कप्तान स्कॉट जानेवारी १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचला. परत येताना तो आणि त्याचे सोबती थंडीने, उपासमारीने वाटेतच गेले. नोव्हेंबरात शोधपथकाला तंबू सापडला, तेव्हा त्यांच्या सामानात सुमारे १६ किलो दगड होते. माणसं मरायला टेकली होती, बाकीचं ओझं टाकत होती, पण दगड टाकले नव्हते. त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिसचे ठसे निघाले. जी पानं आपल्या वर्धा खोऱ्याच्या कोळशात, तीच अंटार्क्टिकाच्या डोंगरात.

मग आज बर्फ आहे तरी कुठे? जमिनीवरच्या एकूण बर्फापैकी जवळजवळ ९९ टक्के दोनच ठिकाणी आहे. पहिलं अंटार्क्टिका: १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या भारताच्या चौपटीहून मोठं, आणि बर्फाची सरासरी जाडी २ किलोमीटरच्या आसपास. आपलं कळसूबाई शिखर तिथे नेऊन ठेवलं तर दिसणारही नाही. दुसरं ग्रीनलँड: १७ लाख चौरस किलोमीटर, पाच महाराष्ट्रांपेक्षा जास्त. या दोघांना हिमनदी म्हणत नाहीत, हिमचादर म्हणतात, कारण डोंगर-दऱ्या सगळं झाकून वरून पसरलेलं असतं.

उरलेल्या एका टक्क्यात जगभरातल्या २ लाखांहून जास्त हिमनद्या. अलास्का, आइसलँड, नॉर्वे, आल्प्स, काराकोरम, हिमालय, अँडीज, न्यूझीलंड. विषुववृत्ताजवळसुद्धा आहेत, आफ्रिकेत किलिमांजारोच्या माथ्यावर आणि इंडोनेशियात पापुआच्या डोंगरात, पण त्या आता शेवटच्या घटका मोजताहेत. नुसती थंडी असून भागत नाही, बरं का. सायबेरियात हाडं गोठवणारी थंडी, पण मधल्या भागात बर्फ पडतोच थोडा, तोही उन्हाळ्यात वितळतो, म्हणून तिथे हिमचादर नाही. उन्हाळ्यात जितका वितळतो त्याहून जास्त हिवाळ्यात पडला पाहिजे, आणि हे वर्षानुवर्षं चाललं पाहिजे. आपल्या गटाच्या खात्यासारखं: भरणा काढण्यापेक्षा जास्त असेल तरच शिल्लक वाढते.

अंटार्क्टिकावर आपल्या बायकाही जाऊन आल्यात. १९८३ च्या शेवटी भारताची तिसरी मोहीम निघाली, तिच्यात पहिल्यांदाच दोन बायका होत्या. एक डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता, खडकांच्या अभ्यासक. दुसऱ्या डॉ. अदिती पंत, जन्म नागपूरचा, काम गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेत. त्याच मोहिमेत दक्षिण गंगोत्री हे आपलं पहिलं केंद्र बांधलं. ते बर्फावरच उभं होतं, आणि काही वर्षांतच बर्फात गाडलं गेलं. पुढचं केंद्र, मैत्री, त्यामुळे उघड्या खडकावर बांधलं.

आता हिमालय. आपल्या देशातली बर्फाची शिदोरी तिथे. सियाचीन ७० किलोमीटरहून लांब, गंगोत्री ३० किलोमीटरच्या आसपास. गंगोत्रीचं तोंड, गोमुख, १९३५ मध्ये पहिल्यांदा नीट मोजून नकाशावर मांडलं, तेव्हापासून ते किलोमीटरभराहून जास्त मागे सरकलं आहे. बर्फ मागे सरकला की खाली राहणाऱ्यांचं काय होतं, हे रैणी गावाला विचारावं. १९७४ मध्ये गौरा देवी आणि तिथल्या बायकांनी झाडांना मिठ्या मारून जंगल वाचवलं, तेच हे रैणी. ७ फेब्रुवारी २०२१ ला वरच्या डोंगराचा कडा बर्फासकट सुटला आणि चिखल-दगडांचा लोंढा त्याच गावाखालून गेला. दोनशेहून जास्त माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. बहुतेक धरणाच्या कामावरचे मजूर.

आपल्याकडे असा लोंढा येणार नाही. वर्धा, पैनगंगा, गोदावरी यांना बर्फाचं पाणी नाही. त्या पावसावर जगतात. पण पावसाचं आणि बर्फाचं नातं आहे, आणि ते प्रथम दाखवलं तालचेरच्या त्या दोघा भावांतल्या धाकट्याने, हेन्री ब्लॅनफर्डने. हा १८७५ मध्ये हवामान खात्याचा पहिला प्रमुख झाला. लगेच १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ आला, दख्खनमध्ये लाखो माणसं मेली. पावसाचा अंदाज आधी सांगता येईल का, असं सरकारने विचारलं. १८८४ मध्ये ब्लॅनफर्डने मांडलं की हिमालयात ज्या वर्षी बर्फ जास्त पडतो आणि उशिरापर्यंत राहतो, त्या वर्षी इकडे पाऊस कमी येतो. ओला ओटा उन्हात लवकर तापत नाही तशी बर्फाखालची जमीन तापत नाही, आणि जमीन तापली नाही की पावसाचे वारे ओढले जात नाहीत. पुढे कळलं की नुसत्या बर्फावर अंदाज बांधून चालत नाही, समुद्रही पाहावा लागतो. पण देशातले पावसाचे पहिले अंदाज निघाले ते हिमालयाच्या बर्फावरून.

आता शेवटचं, आणि हे मला बोलायला थोडं जड जातं, कारण माझ्याच घरातली चूल कोळशाच्या पगारावर पेटली. अंटार्क्टिकाच्या बर्फात खोलवर हवेचे बुडबुडे अडकलेले असतात. बर्फ पडला त्या वेळची हवा. शास्त्रज्ञांनी नळीसारखा बर्फ कापून काढला आणि ८ लाख वर्षांची हवा तपासली. त्या सगळ्या काळात कार्बन डायॉक्साइड हवेच्या दहा लाख भागांत ३०० च्या वर फारसा कधी गेला नाही. आज तो ४२० च्या वर आहे. ही वाढ कोळसा, तेल, गॅस जाळून झाली. आपण एकट्यांनी केली नाही. इंग्लंड, अमेरिका आपल्या कितीतरी आधीपासून जाळताहेत, आणि आपल्या गावांत तर वीज आली तीच उशिरा. पण चांद्याचाही वाटा त्यात आहे. ग्रीनलँडचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र ७ मीटर चढेल. त्याला शेकडो, हजारो वर्षं लागतील. पण चढायला सुरुवात झाली आहे, १९०० पासून साधारण २० सेंटिमीटर.

आपल्या जमिनीत हे सगळं एकावर एक रचून ठेवलंय. तळाला रेघा ओढलेली चुनखडी, तिच्यावर बर्फाने टाकलेले धोंडे आणि हिरवट गाळ, त्यावर जिभेसारख्या पानांचा कोळसा. खालचं सिमेंटला जातं, वरचं वीज केंद्राला. मधल्या धोंड्यांच्या थराला बाजारात किंमत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही.

वणी-वरोऱ्याकडे कोणाच्या शेतात विहीर खणताना हिरवट, सुयांसारखा फुटणारा खडक लागला आणि त्यात एखादा सपाट बाजूचा, ओरखडे असलेला गोटा निघाला, तर तो बांधावर फेकू नका. धुऊन घ्या, बोट फिरवून बघा आणि बैठकीला घेऊन या. मलाही बघायचाय.